रूप, शीतन आणि विधिमान्यता : हौशी स्पोर्ट्स कार फेरबदलांची औचित्यनिष्ठ समीक्षा
(विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

प्रस्तावना

मोटारगाडी हे विसाव्या शतकाने माणसाला दिलेले सर्वाधिक दृश्यमान यंत्र आहे. मराठी समीक्षेने मंदिरशिल्प, वाडा, वस्त्र, भांडे यांच्या रूपाचा विचार वेळोवेळी केला. मात्र रस्त्यावर रोज दिसणाऱ्या या यंत्राच्या रूपाकडे ती क्वचितच वळली. गाडीविषयी जे लिहिले जाते ते बहुधा जाहिरातीच्या किंवा तांत्रिक माहितीच्या स्वरूपाचे असते. वस्तुतः सामान्य गाडी घेऊन तिला स्पोर्ट्स कारचे रूप देण्याची हौस ही गेल्या तीन दशकांतील एक लक्षणीय लोककला म्हणावी इतकी पसरली आहे. छोट्या शहरांतील गॅरेजांमधून फायबरचे बंपर, बॉनेटवरील हवेचे तोंड, बाजूच्या झडपा, रुंद टायर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर अशी सामग्री बसविली जाते. हे काम करणारा मालक किंवा कारागीर अभियंता नसतो आणि स्वतःला कलावंतही म्हणवत नाही. तरीही तो रूपविषयक निर्णय घेत असतो आणि त्या निर्णयांचे परिणाम इंजिनाच्या तापमानावर, रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेवर आणि कायद्याच्या अंमलबजावणीवर होत असतात.

प्रस्तुत लेखात या फेरबदलांचा विचार रूप, शीतन आणि विधिमान्यता या तीन अंगांनी केला आहे. विवेचनासाठी भंडारा जिल्ह्याचा संदर्भ घेण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण हवामानाचे : पूर्व विदर्भातील मे महिन्याचा उन्हाळा शीतनव्यवस्थेची खरी कसोटी घेतो. दुसरे कारण कारागिरीचे : पितळी भांड्यांच्या परंपरेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात गडेगाव येथे अशोक लेलँडचा गिअरबॉक्स तयार करणारा कारखाना आहे आणि वरठी येथे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. धातू आणि वाहन या दोहोंशी या भूमीचा संबंध वरवरचा नाही. ‘एमएच-३६’ या पाटीची गाडी जेव्हा आपले रूप बदलते, तेव्हा त्या बदलाकडे केवळ पोरकट हौस म्हणून पाहणे पुरेसे ठरत नाही.

समीक्षेची भूमिका

गाडीच्या रूपाला कोणता निकष लावावा, हा पहिला प्रश्न आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची उपपत्ती मांडली. या दृष्टीने पाहता गाडीच्या रेषा, वक्रता, पोकळ भाग आणि भरीव भाग यांतील परस्परसंबंध तपासता येतात. बॉनेटचा उतार आणि छताचा उतार यांत संवाद आहे काय, चाकांचा गोलाकार आणि खालच्या पट्टीची सरळ रेषा यांचा विरोध सुखद आहे काय, हे प्रश्न अर्थपूर्ण आहेत. परंतु मर्ढेकरांची भूमिका सौंदर्याला उपयुक्ततेपासून स्वतंत्र मानणारी आहे. गाडीला ती तशीच्या तशी लागू केली, तर उकळून बंद पडलेली गाडीही सुंदर ठरू शकते. असा निर्णय तार्किकदृष्ट्या शक्य असला तरी वस्तूच्या स्वरूपाशी तो प्रामाणिक राहत नाही.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचाराची मांडणी केली. मोटारगाडी ही या दोन ध्रुवांमधली वस्तू आहे. ती पाहण्यासाठी असते आणि चालविण्यासाठीही असते. अशा वस्तूसाठी संस्कृत काव्यशास्त्रातील औचित्याची संकल्पना अधिक उपयोगी पडते. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य स्थानी नसेल तर तो शोभा देण्याऐवजी हास्यास्पद होतो, हा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. गाडीच्या बाबतीत ‘योग्य स्थान’ हा शब्दप्रयोग आलंकारिक उरत नाही. हवेचे तोंड कोठे आहे यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून येथे औचित्य हाच मुख्य निकष मानला आहे. जो बदल डोळ्याला जे सांगतो तेच यंत्रात करतो आणि ते करताना परक्याच्या सुरक्षिततेला बाधा आणत नाही, तो उचित होय.

शीतन : रूपाचे उगमस्थान

स्पोर्ट्स कारच्या ज्या खुणा आज शोभेच्या मानल्या जातात, त्यांपैकी बहुतेकांचा जन्म उष्णतेच्या प्रश्नातून झाला. इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा शीतकात जाते, जवळपास तितकीच निकासवायूबरोबर बाहेर पडते आणि उरलेल्या भागातून चाके फिरतात. इंजिनाची शक्ती वाढवली की बाहेर टाकावी लागणारी उष्णताही वाढते. ती टाकण्यासाठी रेडिएटरमधून हवा जावी लागते. आणि हवा आत जाण्यापेक्षा ती बाहेर कोठून पडणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. गाडीच्या नाकासमोर हवेचा दाब जास्त असतो, बॉनेटच्या पुढच्या वळणावर तो कमी होतो आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी पुन्हा वाढतो. म्हणून गरम हवा बाहेर काढणारी झडप बॉनेटच्या पुढच्या किंवा मधल्या भागात असेल तर ती काम करते. काचेजवळ असेल तर गाडी वेगात असताना तिच्यातून हवा उलट आत शिरू शकते. बॉनेटवर पुढे तोंड करून बसविलेला उंच ‘स्कूप’ इंटरकूलरला किंवा इंजिनाच्या श्वसनमार्गाला जोडलेला असेल तर सार्थ ठरतो. तसा जोडलेला नसेल आणि नुसताच बॉनेटखाली उघडत असेल, तर तो तेथील दाब वाढवून रेडिएटरमधून येणाऱ्या हवेलाच अडवतो. शोभेसाठी लावलेली वस्तू अशा वेळी नुसती निरुपयोगी राहत नाही. ती अपायकारक होते.

रूप, शीतन आणि कायदा यांच्या संयोगाचे सर्वांत बोलके उदाहरण इटलीतील आहे. १९८४ मध्ये पॅरिस येथे सादर झालेल्या फेरारी टेस्टारोसा या गाडीच्या दोन्ही दरवाजांवर आडव्या पट्ट्यांची लांबलचक रांग होती. पिनिनफारिना या संस्थेने दिलेले हे रूप त्या दशकाचे प्रतीक ठरले. तिच्या आधीच्या मॉडेलमध्ये रेडिएटर नाकाशी आणि इंजिन मागे अशी रचना होती. गरम पाण्याच्या नळ्या बैठकीजवळून जात असल्याने आतील माणसांना उष्णतेचा त्रास होई. टेस्टारोसामध्ये रेडिएटर मागच्या बाजूंना हलविण्यात आले. त्यांना भरपूर हवा हवी, म्हणून बाजूंना मोठी तोंडे आवश्यक झाली. परंतु काही देशांच्या नियमांनुसार गाडीच्या अंगावर इतकी मोठी उघडी पोकळी ठेवता येत नव्हती. म्हणून त्या पोकळीवर पट्ट्या आल्या. अर्थात, उष्णतेने पोकळी मागितली, कायद्याने ती झाकायला लावली आणि या दोहोंच्या ओढाताणीतून रूप जन्माला आले. येथे निर्बंध हा निर्मितीचा शत्रू न राहता तिचा सहकर्ता झाला आहे. वृत्ताच्या बंधनातून ओवीला किंवा आर्येला जशी चाल मिळते, तशीच ही प्रक्रिया आहे.

यानंतर जे घडले ते समीक्षेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. त्या पट्ट्यांच्या नकला जगभरातील फायबरच्या साहित्यात अवतरल्या. ज्या गाड्यांचा रेडिएटर पुढे होता, ज्यांच्या बाजूला दरवाजाच्या पत्र्याखेरीज काही नव्हते, त्यांवरही त्या चिकटविल्या गेल्या. उष्णता गेली, कायद्याचे कारण गेले आणि केवळ चिन्ह उरले. काव्यात अनुभव नसताना उपमा वापरली की जो पोकळपणा येतो, तोच येथे पत्र्यावर दिसतो.

भंडाऱ्याचा उन्हाळा आणि तापमानाचे गणित

शीतनाचा विचार स्थळनिरपेक्ष करता येत नाही. रेडिएटरने बाहेर टाकलेली उष्णता ही शीतकाचे तापमान आणि बाहेरील हवेचे तापमान यांतील फरकाच्या प्रमाणात असते. शीतक ९५ अंश सेल्सिअसवर आहे आणि बाहेर २५ अंश आहे असे मानल्यास हा फरक ७० अंशांचा होतो. भंडारा, तुमसर किंवा पवनी येथे मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत गेला की हाच फरक ५० अंशांवर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची, त्याच हवाप्रवाहातील क्षमता सुमारे २९ टक्क्यांनी घटते. थंड प्रदेशात आखलेल्या रूपाची नक्कल येथे करताना ही घट हिशेबात धरावी लागते. तापलेल्या डांबरी रस्त्यालगतची हवा सावलीतील हवेपेक्षा अधिक उष्ण असते आणि जमिनीलगत नाक असलेली गाडी तीच हवा घेते, ही बाब वेगळीच.

यात रस्त्याच्या स्वरूपाची भर पडते. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ भंडारा, लाखनी आणि साकोली येथून जातो. मोकळ्या महामार्गावर वेगामुळे रेडिएटरला आपोआप हवा मिळते. परंतु गावातून, आठवडी बाजारातून किंवा धान्याच्या गाड्यांमागून रांगत जाताना सर्व भार पंख्यावर येतो. अशा वेळी पंख्याभोवतीचे आवरण काढून टाकलेले असेल, तर पंखा रेडिएटरच्या थोड्याच भागातून हवा ओढतो आणि उरलेली हवा बाजूने फिरून पुन्हा त्याच जागी येते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते, झीज वाढते. आणि मूळ दोष तसाच राहतो. केवळ पाणी भरण्याच्या सवयीबाबतही तारतम्य हवे. शुद्ध पाणी मिश्रणापेक्षा उष्णता चांगली वाहून नेते हे खरे. मात्र त्याचा उत्कलनबिंदू कमी असतो आणि गंजापासून संरक्षण मिळत नाही. दाबाचे झाकण आणि योग्य प्रमाणातील शीतक हे दोन्ही मिळून उकळण्याची मर्यादा पुढे ढकलतात.

येथे भंडाऱ्याच्या पितळी परंपरेचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांबे आणि पितळ यांचे असत. गळती झाली तर डाख देऊन ते स्थानिक कारागिराला दुरुस्त करता येत. पुढे वजन व खर्च कमी करण्यासाठी ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. त्या फुटल्या की बहुधा संपूर्ण भाग बदलावा लागतो. म्हणजे गाडीच्या ज्या भागावर स्थानिक कारागिराचा हात फिरत होता, तो भाग त्याच्या हातून निसटला. आणि त्याच्या कौशल्याला जी जागा उरली ती बाह्य सजावटीची. हौशी फेरबदलांतील अलंकारप्रियतेमागे कारागिराची अभिरुची जितकी आहे, तितकेच हे तांत्रिक स्थित्यंतरही आहे. या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून केवळ ‘हिणकस अभिरुची’ असा शेरा मारणे अन्यायकारक होईल.

अनौचित्याचे प्रकार

औचित्याच्या कसोटीवर प्रचलित फेरबदल तपासले असता अनौचित्याचे तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार मिथ्या अलंकाराचा. बंद तळ असलेला स्कूप, काळ्या रंगाने पोकळीचा आभास निर्माण केलेली झडप, ज्याला हवा लागतच नाही असा मागचा पंख ही त्याची उदाहरणे होत. मागचा पंख पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीवर आणि शहरी वेगात जवळजवळ काहीच करत नाही. त्याचे वजन मात्र राहते. हा प्रकार सहसा निरुपद्रवी असतो, परंतु तो असत्य बोलतो.

दुसरा प्रकार घातक अलंकाराचा. बंपरपुढे बसविला जाणारा जाड नळ्यांचा बुलबार हा त्याचा ठळक नमुना आहे. तो, त्यावरील जादा दिवे आणि मध्यभागी लावलेली मोठी पाटी मिळून रेडिएटरचे तोंड झाकतात. टक्कर झाल्यास गाडीच्या पुढच्या भागाने चुरगळून धक्का शोषून घ्यावा ही मूळ योजना असते. नळ्यांची चौकट तो धक्का सरळ सांगाड्याकडे नेते, एअरबॅगच्या संवेदकांच्या कार्यात अडथळा आणू शकते आणि पादचाऱ्याला होणारी इजा वाढवते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविताना अशा चौकटी बसविणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे स्पष्ट केले. रूप, शीतन आणि कायदा या तिन्ही कसोट्यांवर एकाच वेळी अनुत्तीर्ण होणारी ही वस्तू सामर्थ्याचे चिन्ह म्हणून मिरविली जाते, यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

तिसरा प्रकार परपीडक अलंकाराचा. सायलेन्सर बदलून किंवा कापून काढलेला आवाज, अनेक स्वरांचा भोंगा, समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवे हे अलंकार मालकापेक्षा इतरांवर लादले जातात. चित्र आवडले नाही तर प्रेक्षक पाठ फिरवू शकतो. आवाजाला पाठ फिरवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन केल्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. येथे कायदा अभिरुचीत हस्तक्षेप करतो असे म्हणता येत नाही. तो शेजाऱ्याच्या झोपेचे रक्षण करतो.

दोन निर्मिती : पडद्यावरील आणि रस्त्यावरील

महाराष्ट्रातील दोन भिन्न निर्मितींची तुलना या संदर्भात उपयुक्त ठरते. ऑगस्ट २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘टार्झन : द वंडर कार’ या हिंदी चित्रपटातील गाडी मुंबईचे अभिकल्पक दिलीप छाब्रिया यांनी टोयोटा एमआर-२ या दोन आसनी, मध्य-इंजिन गाडीवर घडविली. चित्रपट यशस्वी ठरला नाही, तरी गाडी एका पिढीच्या स्मरणात राहिली. तिची निवड अभिकल्पाच्या दृष्टीने योग्य होती : मूळ गाडीचेच इंजिन मागे असल्याने बाजूंची हवेची तोंडे आणि आखूड नाक यांना यांत्रिक आधार होता. मात्र पडद्यावरील गाडीला नोंदणीच्या, दुपारच्या गर्दीच्या किंवा सलग उन्हाळ्यांच्या कसोटीला उतरावे लागत नाही. तिने कल्पनाशक्ती दिली, परंतु त्या रूपामागील यंत्ररचना प्रेक्षकापर्यंत पोहोचू शकली नाही. पुढे पुढच्या इंजिनाच्या लहान कुटुंबगाड्यांवर बाजूची तोंडे बसविली जातात तेव्हा हीच अर्धवट पोहोचलेली शिकवण दिसते. याच अभिकल्पकाच्या संस्थेने २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात ‘अवंती’ ही मध्य-इंजिन स्पोर्ट्स कार सादर केली. येथे फेरबदल करणारा हात निर्मात्याच्या भूमिकेत आला, आणि त्याबरोबर कायद्याचे वेगळे प्रकरण त्याला लागू झाले.

दुसरी निर्मिती सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावची. यशवंतराव चव्हाण यांच्या या जन्मगावी एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातील सुट्या भागांतून सुमारे साठ हजार रुपये खर्चून छोटी जीप तयार केली. दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी ही गाडी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक करताना ती नियमांत बसत नाही आणि कधी ना कधी अधिकारी तिला अटकाव करतील हेही नमूद केले. त्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि ही गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवण्याची इच्छा व्यक्त केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली.

या घटनेकडे सामान्यतः गौरवकथा म्हणून पाहिले जाते. समीक्षेने तिच्यातील ताण पाहिला पाहिजे. देवराष्ट्रेच्या जीपमध्ये मिथ्या अलंकार नाही. प्रत्येक भाग काही ना काही काम करतो. औचित्याच्या कसोटीवर ती अनेक महागड्या सजावटींपेक्षा सरस आहे. परंतु वितळजोड, ब्रेक आणि सुकाणू यांची परीक्षा झालेली नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हे मालकासाठी आणि इतरांसाठी जोखमीचे आहे. समाजाने या पेचातून जो मार्ग काढला तो पुरस्काराचा होता : कारागिराला कारखान्याची गाडी मिळाली आणि त्याच्या गाडीला प्रदर्शनातील जागा सुचविली गेली. त्याची कृती तपासून, सुधारून, मान्य करून रस्त्यावर आणण्याचा मार्ग मात्र कोणी दाखविला नाही, कारण असा मार्ग त्याच्या आवाक्यात उपलब्धच नव्हता.

विधिमान्यतेची सीमारेषा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. कायद्याच्या मूळ स्वरूपात काही मुभा होती. २००० च्या दुरुस्तीने ती बरीच आवळली. पर्यायी इंधनासाठी विहित अटींवर केलेले रूपांतर यासारखे अपवाद राखले गेले. ‘फेरबदल’ याचा अर्थ वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडविणारा संरचनेतील बदल, असा स्पष्टीकरणात दिला आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निर्णय देताना राज्याच्या नियमांना या कलमावर मात करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-क दाखल झाले. त्यानुसार परवानगी नसलेले सुटे भाग बसवून वाहनात फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

या तरतुदींचा हेतू निर्विवाद आहे. तथापि त्यांनी आखलेली सीमारेषा कोठे आहे हे पाहणे आवश्यक आहे. ती चांगला बदल आणि वाईट बदल यांच्यामधून जात नाही. ती नोंदणीपूर्वीचा बदल आणि नोंदणीनंतरचा बदल यांच्यामधून जाते. नोंदणीपूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नमुना वाहन मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडे द्यावे लागते. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्था या महाराष्ट्रातील अशा संस्था होत. या मार्गाने गेलेला माणूस निर्माता ठरतो. नोंदणीनंतर त्याच तोडीचे काम करणारा माणूस अपराधी ठरू शकतो. भंडाऱ्याहून पुणे सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. परंतु हे अंतर किलोमीटरपेक्षा खर्चाचे, भाषेचे आणि कागदपत्रांचे अधिक आहे. एका गाडीसाठी संपूर्ण नमुना-चाचणी करणे गॅरेजच्या कारागिराला परवडणारे नाही.

याचा परिणाम विपरीत होतो. बॉनेटमध्ये योग्य जागी झडप काढून उन्हाळ्यातील उष्णता कमी करू पाहणारा आणि केवळ दिखाव्यासाठी बुलबार लावणारा, दोघेही एकाच संशयाच्या छायेत येतात. दोघांनाही मान्यतेचा सोपा मार्ग नसल्याने दोघेही काम लपवून करतात. आणि लपवून केलेल्या कामाची गुणवत्ता कोणी तपासत नाही. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात वादाचा मुद्दा होतो, आणि त्याची किंमत कधी कधी तिऱ्हाईत जखमीला मोजावी लागते. कायदा कठोर आहे ही तक्रार येथे नाही. तो भेद करू शकत नाही, ही त्याची मर्यादा आहे. आणि भेद करणे हे समीक्षेचेही प्रथम कर्तव्य असल्याने या मर्यादेची नोंद घेणे क्रमप्राप्त ठरते.

समतोलाच्या शक्यता

मूळ संरचनेला हात न लावता शीतन सुधारण्याचे अनेक मार्ग उपलब्ध आहेत, ही बाब हौशी वर्तुळात पुरेशी रुजलेली दिसत नाही. रेडिएटर आणि पुढची चौकट यांमधील फटी रबर किंवा फोमने बंद केल्या तर आत आलेली हवा बाजूने निसटत नाही. पंख्याचे आवरण जागेवर ठेवणे, इंजिनाखालील मूळ तळपत्रा पुन्हा बसविणे, रेडिएटरच्या जाळीतील धूळ व कचरा उन्हाळ्यापूर्वी साफ करणे, दाबाचे झाकण तपासणे, निकासनळीवर उष्णतारोधक वेष्टन देणे ही कामे कमी खर्चाची आहेत. त्यांतून दिसणारे रूप फारसे बदलत नाही; पण गाडी मे महिन्यात उभी राहते. पुढची नोंदणीपाटी कायद्याने आवश्यक आहे आणि ती ठरावीक नमुन्याची असावी लागते. तिच्यासाठी दिलेल्या मूळ जागेवरच ती ठेवली, तर शीतनाचे तोंडही मोकळे राहते. काचांमधून पुढे व मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के प्रकाश यावा हा नियम पाळूनही आतील ताप कमी करता येतो. रंग बदलावयाचा असल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रात करून घेता येते.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी बंदिस्त मैदान हा उचित अवकाश आहे. २००७ पासून पीथमपूर येथे सुरू झालेल्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः वाहन घडवितात, तज्ज्ञ त्याची तांत्रिक तपासणी करतात आणि मगच ते धावते. येथे निर्मिती, परीक्षा आणि मान्यता यांचा क्रम सुस्पष्ट आहे. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि वरिष्ठ महाविद्यालये यांना हाच क्रम लहान प्रमाणात राबविता येईल. भौतिकशास्त्राच्या विभागाला तापमानफरकाचे मापन, वाणिज्य विभागाला खर्चाचा हिशेब, विधी शाखेला कलम ५२ चे वाचन आणि मराठी विभागाला रूपाची चिकित्सा असे हे खरोखर बहुविद्याशाखीय क्षेत्र आहे. गॅरेजमधील कारागीर तेथे पाहुणा म्हणून आला, तर शिकविण्यासारखे त्याच्याकडेही पुष्कळ असेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, हौशी स्पोर्ट्स कार फेरबदलांतील रूप, शीतन आणि विधिमान्यता ही तीन अंगे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. टेस्टारोसाच्या पट्ट्या उष्णता आणि कायदा यांच्या संगनमताने सुंदर झाल्या; त्यांच्या नकला ही दोन्ही कारणे गमावल्याने पोकळ झाल्या. बुलबार तिन्ही कसोट्यांवर फसतो. देवराष्ट्रेची जीप औचित्यात उत्तीर्ण होऊनही मान्यतेपासून वंचित राहते. या दोन टोकांमध्ये भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील कारागिराचे भवितव्य अडकले आहे. त्याचा हात धातूला ओळखतो आणि त्याच्या परिसरातील कारखाना गिअरबॉक्स घडवितो. पण यंत्राच्या गाभ्यापासून तो दूर सारला गेल्यामुळे त्याची प्रतिभा पृष्ठभागावर खर्च होते. एकेका फेरबदलासाठी स्थानिक पातळीवर स्वस्त व सुलभ तांत्रिक तपासणीची सोय झाली, तर कायद्याला आपला हेतू न सोडता भेद करता येईल आणि अलंकाराला पुन्हा कार्याचा आधार मिळेल. तोपर्यंत गाडीकडे पाहणाऱ्याने निदान एवढे विचारण्यास हरकत नसावी : ही झडप उघडते काय, आणि तिच्यातून हवा कोणत्या दिशेने जाते?